सुई शेवटच्या इंचावर ठेवा

ऑफिसात कुणीतरी टर्नटेबल विकत घेतं आणि आठवड्याभरात येऊन विचारतं, ‘रेकॉर्डी कुठून घेऊ?’ आमच्या धंद्यात हा प्रश्न हल्ली बराच ऐकू येतो. दिवसभर डोळ्यांना न दिसणाऱ्या वस्तू बनवणारी, बऱ्या पगाराची माणसं. संध्याकाळी त्यांना हातात धरता येईल असं काहीतरी हवं असतं. मीही त्यांतलाच, त्यामुळे हसण्याचा अधिकार मला नाही. विचारणाऱ्याला दोन-तीन दुकानांची नावं आणि एखादी लिंक अपेक्षित असते. मी आधी उलटा प्रश्न विचारतो: ऐकणार काय आहेस? कारण रेकॉर्डींचं कुठलंच दुकान तटस्थ नसतं. दुकानदार खोकी भरतो तेव्हा संपादकाचं काम करत असतो. काय ठेवायचं, काय वर मांडायचं, कशाला पाच हजार म्हणायचं आणि काय फुटपाथवर उन्हात टाकायचं, हे तो ठरवतो. या संपादनाची समीक्षा फारशी होत नाही. अमुक दुकान ‘मस्त’, तमुक ‘महाग’, इथपर्यंतच गाडी येते.

आधी एका बंद दुकानाबद्दल बोलतो. काळाघोड्याचं ऱ्हिदम हाउस २०१६ साली बंद झालं तेव्हा अर्ध्या मुंबईनं गळे काढले. पुढे ती जागा नीरव मोदीच्या मालमत्तांबरोबर जप्त झाली, हा त्या शोकांतिकेचा विनोदी उत्तरार्ध. पण त्या मृत्युलेखांत कशासाठी रडलं जात होतं ते पाहा. शेवटच्या वर्षांत तिथे मुख्यतः सीडी आणि डीव्हीडी विकल्या जात. लोकांच्या आठवणीत होते ते तिथले ऐकायचे बूथ: काचेआड उभं राहायचं, रेकॉर्ड ऐकायची, पटली तर घ्यायची. विकत घेण्याआधी ऐकणं ही त्या दुकानानं दिलेली सगळ्यांत मोठी सोय होती. नव्या रेकॉर्ड-संस्कृतीत नेमकी तीच नाहीशी झाली आहे. नवी रेकॉर्ड प्लास्टिकात गुंडाळलेली येते आणि फोडली की तुमची.

तर नव्या रेकॉर्डी. माहीमच्या रिव्हॉल्व्हर क्लबसारखी ठिकाणं आहेत, ऑनलाइन दुकानं आहेत. उजेड चांगला, माणसं सभ्य, कॉफी बरी. एका रेकॉर्डीला सहज तीन-चार हजार रुपये पडतात. त्या पैशात नेमकं काय मिळतं? रेकॉर्ड बनते ती अशी: मूळ ध्वनिमुद्रणावरून लेथ नावाचं यंत्र मऊ लेप दिलेल्या तबकडीवर खोबणी कापतं, त्या तबकडीवरून धातूचे साचे होतात, साच्यांत प्लास्टिक दाबलं जातं. लेथला काय ऐकवलं, सगळं त्यावर अवलंबून. साठ वर्षांपूर्वीची टेप, की त्या टेपची काळजीपूर्वक केलेली डिजिटल प्रत, की सीडीसाठी वीस वर्षांपूर्वी खरखर पुसून आणि आवाज चढवून बनवलेली फाइल? तिसऱ्या प्रकारात तुम्ही फोनवर ऐकता तेच गाणं, वर सुईची खरखर लावून, चार हजारांना घेता. कव्हरवर मात्र ‘१८० ग्रॅम’ असं अभिमानानं छापलेलं असतं. वजनाचा आणि खोबणीत काय कापलंय याचा काही संबंध नाही. जाड तबकडी हाताला छान लागते, एवढंच.

डिजिटल पायरी आली की रेकॉर्ड बाद, असं मात्र मला म्हणायचं नाही. अमेरिकेतल्या मोबाइल फिडेलिटी या कंपनीच्या महागड्या रेकॉर्डी मूळ टेपवरून थेट कापल्या जातात, अशी शौकिनांची वर्षानुवर्षं श्रद्धा होती. २०२२च्या जुलैमध्ये बाहेर आलं की त्यांतल्या बऱ्याच रेकॉर्डींसाठी टेप आधी डीएसडी या डिजिटल स्वरूपात उतरवली जात होती. गहजब झाला, कोर्टकज्जे झाले. गंमत अशी, की ज्यांनी ‘अॅनालॉगची ऊब’ म्हणून याच रेकॉर्डींचे गोडवे गायले होते, त्यांच्या कानांना तोवर काही खटकलं नव्हतं. प्रत चांगली असेल तर डिजिटलनं बिघडत नाही. बिघडतं ते लपवण्यानं. म्हणून माझा नियम सोपा आहे. जुन्या संगीताच्या नव्या छपाईवर स्रोत लिहिलेला नसेल, तर घेत नाही. जुन्या हिंदी चित्रपटगीतांच्या ज्या नव्या भारतीय छपाया मी हाताळल्या, त्यांतल्या बहुतेकींवर तो लिहिलेला नव्हता.

आज गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांनी आज काढलेली रेकॉर्ड असेल तर गोष्ट वेगळी. तिथे मूळच डिजिटल असतं, कुणी कुणाला फसवत नाही आणि पैसे जिवंत माणसाला पोचतात. २०२४मध्ये मुंबईत समन्वी या कंपनीनं रेकॉर्डी छापायला सुरुवात केली. भारतातली छपाई थांबल्याला कित्येक दशकं लोटली होती. ही यंत्रं पुन्हा जुन्या हिट गाण्यांच्याच प्रती काढण्यात खपली तर वाईट वाटेल.

आता बाजार. मुंबईत चोरबाजाराची मटन स्ट्रीट, पुण्यात बुधवारी आणि रविवारी भरणारा जुना बाजार. इथल्या रेकॉर्डींना दर्जाची चिठ्ठी नसते, भाव माणूस बघून ठरतो, आणि पितळी कर्ण्याचा चकचकीत ‘अँटिक’ ग्रामोफोन हा बहुधा मागच्या गल्लीत जोडलेला असतो. त्यावर लाखेची जुनी तबकडी लावू नका, खिसणीवर खोबरं लावल्यासारखी तिची गत होते.

या बाजारातल्या भावांना एक तर्क आहे आणि तो संगीताचा नाही. आर. डी. बर्मनच्या गाजलेल्या चित्रपटांना भाव, अमिताभचा चेहरा कव्हरवर असेल तर भाव, डिस्को आणि सिंथेसायझर असेल तर अलीकडे फारच भाव. शेवटच्या भावामागे एक गोष्ट आहे. चरणजित सिंग या मुंबईतल्या वादकानं १९८२मध्ये दहा राग सिंथेसायझर आणि ड्रम-मशीनवर बसवून एचएमव्हीकरता एक रेकॉर्ड केली. तेव्हा तिला कुणी विचारलं नाही. २००२ साली एडो बाउमन या डच संग्राहकाला ती दिल्लीतल्या एका दुकानात मिळाली, २०१०मध्ये त्यानं ती पुन्हा काढली, आणि शिकागोत जन्मलेल्या अॅसिड हाउस संगीताची चाहूल मुंबईत आधीच लागली होती का, यावर जगभर वाद झडले. मला तो दावा ताणलेला वाटतो. यंत्रं तीच वापरली म्हणून विचारही तोच होता असं होत नाही. पण एका धुळकट खोक्यात हात घातल्यामुळे संगीताच्या इतिहासातला एक प्रश्न उभा राहिला, हे नाकारता येत नाही.

दुसरी गोष्ट आपल्या अधिक जवळची. १९७७मध्ये व्हॉयेजर यानांवर पृथ्वीचं संगीत पाठवायचं ठरलं, तेव्हा रॉबर्ट ब्राऊन या संगीताभ्यासकानं केसरबाई केरकरांची भैरवी सुचवली. रेकॉर्ड छापणं केव्हाच थांबलं होतं, मिळेना. निवड करणाऱ्या गटातल्या अॅन ड्रुयन यांना अखेर ती न्यूयॉर्कमध्ये लेक्झिंग्टन अव्हेन्यूवर, एका भारतीय कुटुंबाच्या घरगुती उपकरणांच्या दुकानात सापडली: पत्ते खेळायच्या टेबलाखाली, तपकिरी खोक्यात, न फोडलेली. म्हणजे गोव्यातल्या केरी गावच्या, अल्लादिया खाँसाहेबांकडे घोटून घेतलेल्या बाईंचा आवाज आज सूर्यमालेच्या पलीकडे आहे, तो मिक्सर आणि इस्त्र्या विकणाऱ्या कुणीतरी एक खोकं फेकून दिलं नाही म्हणून. यान सुटल्यावर काही दिवसांतच, १६ सप्टेंबर १९७७ला, बाई गेल्या.

या दोन्ही गोष्टींत शोधणारा बाहेरून आला. मराठी खोक्यांपर्यंत असं कुणी फारसं येत नाही. जुन्या बाजारात मला दिसतं ते असं: हिंदी वर, उभं, प्लास्टिकात. मराठी खाली, आडवं, एकावर एक. माणिक वर्मा, ज्योत्स्ना भोळे, सुधीर फडके, शाहीर साबळे, प्रल्हाद शिंदे, कोळीगीतं, नाट्यपदं. सात इंची ईपी शंभर-दीडशेला, घासाघीस केली तर तीन घ्या, एक वर. शास्त्रीय संगीताच्या एलपींचंही जवळपास तसंच. एकदा विक्रेत्याला विचारलं, की बाबा, या स्वस्त का? तो म्हणाला, ‘साहेब, हे ऐकणारे येत नाहीत. विकणारेच येतात.’ यापेक्षा नेमकं बाजारविश्लेषण मी वाचलेलं नाही.

म्हणून माझं उत्तर, पक्षपाती: मराठी आणि शास्त्रीय संगीत ऐकणार असाल तर जुन्या रेकॉर्डी घ्या, आणि अशा माणसाकडून घ्या जो घेण्याआधी ऐकवेल. स्वस्त आहेत हे एक कारण. दुसरं असं, की यांतल्या बऱ्याच रेकॉर्डी ज्या काळी छापल्या त्या काळच्या ताज्या टेपवरून छापल्या आहेत. स्रोत कोणता, हा प्रश्न तिथे फारसा उरत नाही. तिसरं कारण कव्हर. स्ट्रीमिंग कंपन्यांचा डेटाबेस गाणं, गायक, अल्बम या तीन रकान्यांवर उभा आहे. राग, ताल, तबल्यावर कोण, बंदिश कुणाची, याला त्यात घरच नाही, मग शीर्षकातच काहीतरी कोंबतात आणि राग चुकीचा लिहिला गेला तरी तो दुरुस्त करायला कुणी बसलेलं नसतं. रकाने आखण्याचं हे काम मी पोटापाण्यासाठी करतो, त्यामुळे ते असं का झालं हे मला कळतं: बनवणाऱ्यानं पॉप गाणं डोळ्यांपुढे ठेवलं. एलपीच्या पाठीमागे, कधी भडक इंग्रजीत का होईना, निदान यातलं निम्मं छापलेलं असतं.

पण जुनी रेकॉर्ड ओळखायची कशी? तिरक्या उजेडात धरा, वरवरचे केसासारखे ओरखडे सोडून द्या, नखाला लागणारा ओरखडा असेल तर ठेवून द्या. मधल्या भोकाभोवती लेबलावर राखाडी रेघांचं जाळं असेल, तर ती पुष्कळ वाजलेली आहे. पांढरट ठिपके म्हणजे पावसाळ्याची बुरशी. ती बहुधा धुऊन निघते, कव्हरावरची मात्र निघत नाही. बशीसारखी वाकलेली असेल तर कितीही दुर्मीळ असो, नको. लेबल आणि कव्हर एकाच रेकॉर्डीचं आहे ना, तेही बघा. एचएमव्हीच्या क्रमांकात ईसीएलपी असेल तर मोनो, ईसीएसडी असेल तर स्टीरिओ. शास्त्रीय गाण्यात मोनोला नाक मुरडायचं काहीच कारण नाही.

खरी परीक्षा मात्र ऐकण्याची, आणि बहुतेक जण ती चुकीच्या जागी घेतात. दुकानदार सुई सुरुवातीला ठेवतो. आलापीची दोन वाक्यं सुरेख येतात, गिऱ्हाईक पाकीट काढतं. तबकडी फिरते एकाच वेगानं, मिनिटाला सव्वातेहेतीस फेऱ्यांच्या जरा वर, पण बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला जवळपास ५० सेंटिमीटर खोबणी सरकते, लेबलाजवळ फक्त २१च्या आसपास. तोच आवाज निम्म्याहून कमी जागेत बसवायचा असतो. त्यामुळे आतल्या कडेला सूक्ष्म वळणं दाटीनं येतात, सुईला ती नीट गिरवता येत नाहीत, आवाज फाटतो. आणि बोथट सुईनं वाजवून वाजवून खोबणी सर्वांत आधी तिथेच झिजते. पाश्चात्त्य पॉपच्या अल्बममध्ये बाजूच्या शेवटी एखादं संथ गाणं टाकून हे झाकता येतं. ख्यालाला ती मुभा नाही. ख्याल विलंबितात सुरू होतो आणि द्रुतात संपतो. म्हणजे माध्यम जिथे सर्वांत दुबळं, नेमक्या तिथे गायक सर्वांत वेगवान आणि चढ्या आवाजात तानांची बरसात करत असतो. एलपीच्या घडणीनं आपल्या संगीतावर केलेला हा अन्याय आहे, आणि ‘एलपीवर शास्त्रीय संगीत काय खुलतं’ म्हणणारे त्याबद्दल सहसा बोलत नाहीत. तेव्हा विक्रेत्याला सांगा, सुई शेवटच्या इंचावर ठेवा. तिथे तानेतले सूर सुटे ऐकू आले, ‘स’कार फुसफुसला नाही, तर बाकीची बाजू ऐकायची गरज नाही. फाटत असेल तर कव्हर कितीही कोरं असू दे.

जो विक्रेता शेवटच्या इंचावर सुई ठेवू देतो तो चांगला विक्रेता, ही माझी एकमेव कसोटी. तिला उतरणारे मला फुटपाथवर भेटलेत आणि वातानुकूलित दुकानात न उतरणारेही.

इंटरनेटवर ही कसोटी लावताच येत नाही, तिथे शब्दांवर विसंबावं लागतं. केव्हिन लेवांडोव्स्की या प्रोग्रॅमरनं २०००मध्ये इलेक्ट्रॉनिक संगीताची यादी म्हणून सुरू केलेलं डिस्कॉग्ज आज रेकॉर्डींची जागतिक बाजारपेठ आणि कोश दोन्ही आहे. व्यवसायबंधू म्हणून मला त्याचं कौतुक आहे: एकाच अल्बमच्या प्रत्येक छपाईची वेगळी नोंद, अगदी लेबलाजवळच्या कोऱ्या पट्टीत खरवडलेल्या क्रमांकासकट. दर्जाची परिभाषा गोल्डमाइन या मासिकाची: मिंट, निअर मिंट, व्हेरी गुड प्लस वगैरे. इथे ‘गुड’ म्हणजे वाईट, हे नवख्यानं लक्षात ठेवावं. आपल्याकडच्या इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सअॅपवरच्या विक्रेत्यांनी ही परिभाषा उचलली, शिस्त उचलली नाही. एका विक्रेत्यानं ‘मिंट’ म्हणून पाठवलेली एलपी माझ्याकडे पापडासारखी वळलेली आली. त्याचं म्हणणं, वाजते तर आहे ना!

डिस्कॉग्जवर मराठी शोधणं हाही एक छंदच आहे. भावगीताचं रोमन स्पेलिंग चार प्रकारे, गायिकेचं तीन, देवनागरी क्वचित, आणि पुष्कळ रेकॉर्डींची नोंदच नाही. नोंद नाही म्हणून विक्रीचा इतिहास नाही, इतिहास नाही म्हणून भाव नाही. मी मागचं वर्षभर माझ्याकडच्या ईपींच्या नोंदी घालतो आहे. याचा एक तोटा दिसायला लागलाय: बाजारातले विक्रेतेही आता रेकॉर्ड हातात घेताच फोन काढतात आणि परदेशात कुणीतरी एकदा दिलेली किंमत रुपयांत सांगतात. दमदमच्या कारखान्यात छापलेल्या बीटल्सच्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्या जगात इतरत्र सहसा मिळत नाहीत, त्यांना तो भाव शोभतो. नोंद झाली की भाव चढणार, हे मला मान्य आहे. कारण ज्या वस्तूला काहीच भाव नाही ती भंगारात जाते.

आणि ती जाते आहे. पुण्या-मुंबईत जुन्या इमारती पुनर्विकासाला निघाल्या आहेत, माळे रिकामे होताहेत. आजोबांचा रेकॉर्डींचा खण नव्या टूबीएचकेत बसत नाही. भारतात एलपी आणि तबकड्यांचा पुरवठा एवढाच. हा एकदाच खाली उतरणार आणि पुन्हा नाही. म्हणून ‘कुठून घेऊ’चं माझं सर्वांत आवडतं उत्तर दुकानाचं नसून नातेवाइकांचं, सोसायटीच्या ग्रुपचं आणि रद्दीवाल्याच्या मोबाइल नंबराचं आहे. रद्दीवाल्याला दोनशे रुपये जास्त देऊन सांगून ठेवा, की काळ्या चकत्या आल्या तर आधी फोन कर.

तिथे मिळतील त्या पुष्कळदा ७८च्या असतील, आणि इथे कायदा आपल्या बाजूनं आहे. भारतात ध्वनिमुद्रणावरचा हक्क प्रसिद्धीनंतरच्या वर्षापासून साठ वर्षं टिकतो. २०२५ सुरू झालं तेव्हा १९६४ अखेरपर्यंत प्रसिद्ध झालेल्या ध्वनिमुद्रणांवरचा तो हक्क संपलेला होता. कवी-संगीतकारांचे हक्क वेगळे, ते अजून असू शकतात. पण परंपरागत बंदिशीच्या साडेतीन मिनिटांच्या तबकडीची डिजिटल प्रत करून तुम्ही ती सगळ्यांना खुली करू शकता. १९९०मध्ये मुंबईत सुरू झालेली सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स आणि तिचं ‘द रेकॉर्ड न्यूज’ हे नियतकालिक यांनी या तबकड्यांच्या याद्या आणि इतिहास लिहिण्याचं काम केलं, ते बहुतांशी हौशी माणसांनी आपल्या खिशातून. विद्यापीठांकडून एवढी अपेक्षा करायला मी धजत नाही.

७८ची तबकडी वाजवायला वेगळी, जाड टोकाची सुई लागते. एलपीची बारीक सुई तिच्या रुंद खोबणीच्या तळाशी घासत जाते आणि नुसती खरखर देते. तबकड्या उभ्या ठेवा, दोन बोटांनी उचलू नका, पडली की फुटली. आणि एलपी पुसायचं अल्कोहोल त्यांना चुकूनही लावू नका, लाख त्यात विरघळते. साधं पाणी, थेंबभर भांड्यांचा साबण, लेबल कोरडं ठेवायचं, आणि सावलीत वाळू द्यायची.